संशोधकाची घडण : अमेरिकेतील विद्यापीठे आणि मराठी अभ्यासक

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्याचा लिखित इतिहास एका सरकारी नोंदीपासून सुरू होतो. कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यातून मुंबई बंदरात आलेला तरुण, त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, गलबताचे नाव आणि मॉरिशसमध्ये त्याला मिळालेला अनुक्रमांक, एवढाच तो इतिहास. २ नोव्हेंबर १८३४ रोजी करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली, आणि पुढील सात-आठ दशकांत कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून साडेचार लाखांवर माणसे या बेटावर आली. त्यांच्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थानात जतन केलेल्या आहेत. कागद आहे, अक्षरे आहेत. परंतु तो कागद वाचून त्यातून इतिहास उभा करणारी माणसे किती आहेत, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीने स्वतःला नव्याने विचारावयास हवा.

संशोधन ही बुद्धिमंतांस जन्मतः लाभलेली देणगी आहे, असा एक समज आपल्या समाजात रूढ आहे. पदवी मिळाली, अध्यापकाची जागा मिळाली, की संशोधन आपोआप होऊ लागेल, असेही आपण गृहीत धरतो. वस्तुतः सुताराचा मुलगा ज्याप्रमाणे रंधा धरावयास बापापाशी बसून शिकतो, त्याचप्रमाणे प्रश्न कसा मांडावा, पुरावा कोठे शोधावा, तो पारखून कसा घ्यावा आणि स्वतःचेच मत खोटे ठरण्याची तयारी कशी ठेवावी, हे जाणत्या माणसाच्या सहवासातच शिकावे लागते. ही गोष्ट अमेरिकेतील विद्यापीठांनी पद्धतशीरपणे कशी आत्मसात केली, मराठी अभ्यासकांनी तेथे जाऊन काय मिळविले आणि परत येऊन काय उभारले, याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिष्य म्हणून आरंभ

अमेरिकेची विद्यापीठे आज जगात अग्रेसर मानली जातात. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील महाविद्यालये ही मुख्यतः पाठांतराची व धर्मोपदेशक घडविण्याची स्थाने होती. ज्यास खरे संशोधन शिकावयाचे असे, तो जर्मनीस जाई. संस्कृतचेच उदाहरण घ्यावे. विल्यम ड्वाइट व्हिटनी हा तरुण १८५० साली जर्मनीस गेला, बर्लिन येथे वेबर व ट्यूबिंगेन येथे रोट यांच्यापाशी वेदविद्या शिकला आणि १८५४ साली येल विद्यापीठात संस्कृतचा प्राध्यापक झाला. त्याने १८७९ साली प्रसिद्ध केलेले संस्कृत व्याकरण आजही अभ्यासले जाते. त्याचा शिष्य चार्ल्स लॅनमन हार्वर्डला गेला आणि तेथे त्याने १८९१ पासून प्राच्य ग्रंथमाला चालविली. दुसरा शिष्य मॉरिस ब्लूमफील्ड याने बाल्टिमोर येथे अध्यापन केले, आणि ब्लूमफील्डचा शिष्य फ्रँकलिन एजर्टन पुन्हा येलला प्राध्यापक झाला. आपल्याकडे ज्यास गुरुपरंपरा म्हणतात, ती हीच.

येल विद्यापीठाने अमेरिकेतील पहिल्या डॉक्टरेट पदव्या १८६१ साली दिल्या. परंतु संशोधनाचे शिक्षण हेच विद्यापीठाचे मुख्य कार्य मानून स्थापन झालेली पहिली संस्था म्हणजे बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ होय. १८७६ साली त्याचा आरंभ झाला, आणि पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी निवडक तरुणांस वेतन देऊन केवळ संशोधन शिकण्यासाठी बोलाविले. तेथे इतिहासाच्या अध्ययनास 'सेमिनार' नावाची जर्मन पद्धत लागू करण्यात आली. एका लांब टेबलाभोवती गुरू व शिष्य बसत. एकाने आपला निबंध वाचावयाचा, इतरांनी त्यातील पुराव्याची छाननी करावयाची, आणि गुरूने शेवटी उणिवा दाखवावयाच्या. निबंध वाचणाऱ्यास त्या दिवशी फारसे सुख होत नसे. पण पुढच्या वेळी तो सावधपणे लिहीत असे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन आणि इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर हे याच टेबलाशी बसून शिकलेले होते. कोलंबिया, कॉर्नेल, हार्वर्ड या विद्यापीठांतही ही पद्धत रुजली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी विद्यार्थी तेथे पोहोचले तेव्हा ती स्थिरावलेली होती.

कॉर्नेलचा विद्यार्थी, ज्ञानकोशाचा कर्ता

श्रीधर व्यंकटेश केतकर हे १९०६ साली अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १९०९ साली इथाका येथे प्रसिद्ध झाला, आणि १९११ साली त्यांस डॉक्टरेट मिळाली. आपल्याच समाजाकडे परक्या भूमीवरून, रागलोभ बाजूस सारून पाहण्याचा तो प्रयत्न होता.

पण केतकरांचे खरे मोठेपण त्यांच्या पदवीत नाही. स्वदेशी परतल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड कार्य अंगावर घेतले आणि त्याचे तेवीस खंड १९२० च्या दशकात पूर्णत्वास नेले. विद्यापीठाचा आधार नसताना, भांडवल व वर्गणीदार स्वतः जमवून चालविलेले हे कार्यालय म्हणजे मराठीतील संशोधनाची एक शाळाच होती. तेथे तरुण सहकाऱ्यांस परभाषेतील साधने वाचणे, टिपणे काढणे, एका विषयाची माहिती निरनिराळ्या ग्रंथांत ताडून पाहणे आणि ती थोडक्या मराठीत मांडणे, हे दररोज करावे लागे. त्या कार्यालयात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले. एका माणसाने परदेशी जाऊन जी रीत शिकली, ती त्याने आपल्या कचेरीत इतरांच्या हाती दिली, आणि त्या हातांनी दुसरे तितकेच मोठे काम केले. संशोधनशिक्षणाची याहून चांगली कसोटी कोणती?

कोलंबियातील टेबल

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, याशिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राजनीती यांचे अभ्यासक्रम पुरे केले. जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्यांस गुरू म्हणून लाभले.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीविषयी एक निबंध वाचला. तो पुढील वर्षी 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या निबंधाची रचना संशोधन शिकणाऱ्याने मुद्दाम अभ्यासण्याजोगी आहे. प्रथम त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या समोर ठेवल्या. कॉर्नेलमध्ये बसून लिहिलेला एका मराठी माणसाचा ग्रंथ कोलंबियाच्या टेबलावर दुसरा मराठी माणूस तपासत होता, हे दृश्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. केतकरांचे योग्य ते श्रेय त्यांनी दिले. मात्र त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे, म्हणजे जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी, ही वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. नंतर जातीतच विवाह करण्याची सक्ती हे मूळ कारण धरून त्यांनी आपला सिद्धांत मांडला, आणि अखेरीस तो चुकीचा ठरला तर सोडून देण्याची तयारीही नमूद केली. ज्या अन्यायाचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते, त्याच विषयावर लिहिताना पंचवीस वर्षांच्या तरुणाने हा संयम राखला. ही शिस्त अंगी बाणविणे हेच त्या टेबलाचे कार्य होते.

सेलिग्मन यांचे मार्गदर्शन वर्ग संपल्यावर संपले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील डॉ. आंबेडकरांचा प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्यास प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली. ग्रंथ सयाजीराव महाराजांस कृतज्ञतेने अर्पण केलेला आहे. गुरू व आश्रयदाता या दोघांची नावे त्या एकाच ग्रंथाच्या आरंभी वाचावयास मिळतात, आणि संशोधनास दोघांचीही गरज असते याची आठवण राहते. १९२७ साली कोलंबियाने त्यांस डॉक्टरेट दिली, आणि ५ जून १९५२ रोजी त्याच विद्यापीठाने त्यांचा सन्माननीय पदवीने गौरव केला.

श्रेयाचा प्रश्न

गुरुशिष्यसंबंधाची ही उजळ बाजू झाली. दुसरी बाजू न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु बुद्धाच्या शिकवणीच्या ओढीने ते घर सोडून निघाले, आणि नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश या देशांत हिंडून पाली भाषेत पारंगत झाले. हार्वर्डचे हेन्री क्लार्क वॉरन यांनी बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. ते अपुरे टाकून १८९९ साली ते वारले. हे काम तडीस नेण्यासाठी हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९१० साली अमेरिकेस गेले. परंतु संपादनाच्या श्रेयाविषयी लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला, आणि १९१२ साली ते परत आले. ही हकीकत त्यांनी 'निवेदन' या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

पुढे वुड्स यांच्या आग्रहावरून कोसंबी पुन्हा हार्वर्डला गेले आणि काम पूर्ण झाले. तरी ग्रंथ छापून निघण्यास १९५० साल उजाडले; कोसंबी त्यापूर्वीच, १९४७ साली, सेवाग्राम येथे निवर्तले होते. त्या आवृत्तीवर संपादक म्हणून वॉरन यांचे व सुधारणा करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव आहे. दरम्यान त्यांनी स्वतः तयार केलेली 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस प्रसिद्ध झाली होती.

या प्रकरणातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मार्गदर्शक कितीही थोर असो, शिष्याच्या किंवा सहकाऱ्याच्या श्रमाचे श्रेय स्पष्ट शब्दांत देणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. कारण तरुण संशोधकाजवळ त्याच्या नावाखेरीज दुसरी मिळकत नसते. कोसंबींनी मात्र ही कटुता पुढच्या पिढीस दिली नाही. अमेरिकेहून परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. तेथील त्यांचे शिष्य पु. वि. बापट हे पुढे स्वतः हार्वर्डला गेले, आणि 'विसुद्धिमग्ग' व त्याच्याशी जुळणारा 'विमुत्तिमग्ग' यांच्या तुलनेवरील त्यांचा प्रबंध १९३७ साली पुण्याहून प्रसिद्ध झाला. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनीही हार्वर्डमध्ये शिक्षण घेऊन १९२९ साली पदवी मिळविली. गणिताचे प्राध्यापक असूनही पुण्याभोवतीच्या टेकड्या, लेणी व जुन्या वाटा पायी तुडवून त्यांनी भारतीय इतिहासाच्या अभ्यासास नवी दिशा दिली. १९५६ सालचा त्यांचा ग्रंथ आजही वाचला जातो व त्यावर वाद घातला जातो.

प्रशिक्षण मायदेशी

एकेक विद्यार्थी सातासमुद्रांपलीकडे पाठवून किती संशोधक तयार होणार? हा विचार स्वातंत्र्यानंतर पुढे आला. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले होते. त्याचे संचालक सुमित्र मंगेश कत्रे यांनी अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५४ च्या अखेरीपासून भाषाशास्त्राचे वर्ग भरविण्यास आरंभ केला. हे वर्ग विद्यार्थ्यांपुरते नव्हते. देशातील निरनिराळ्या विद्यापीठांत आधीच अध्यापन करीत असलेले प्राध्यापक त्यांत पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे हेन्री होनिग्सवाल्ड यांच्यासारखे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेक्कन कॉलेजात येऊन राहिले, तर अशोक केळकर यांच्यासारखे तरुण मराठी अभ्यासक अमेरिकेस गेले. केळकरांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदरचनेवर प्रबंध लिहून १९५८ साली कॉर्नेलची डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे डेक्कन कॉलेजातच अध्यापन केले.

या प्रशिक्षणाने दृष्टी कशी बदलली, हे पाहणे उद्बोधक आहे. तोपर्यंत भाषेचा अभ्यास म्हणजे पोथीतील भाषेचा अभ्यास, अशीच बहुतेकांची समजूत होती. या वर्गांत बोलणाऱ्या माणसासमोर बसून त्याचे उच्चार कानांनी टिपणे, एकच वाक्य निरनिराळ्या माणसांकडून वदवून घेणे व त्यांतील फरक नोंदविणे, यावर भर होता. शेतकऱ्याची, कोळ्याची, वारल्याची बोली ही अशुद्ध मराठी नसून स्वतःची नियमबद्धता असलेली भाषा आहे, हे त्यातून सिद्ध झाले. अमृत माधव घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी पाहणी केली, तिचे भाग १९६३ पासून निघू लागले. त्यांतील एक भाग कुडाळीवर आहे. ज्यांचे पूर्वज त्या दक्षिण कोकणातून आले, त्या वाचकांस हा ग्रंथ उघडल्यास आजीच्या तोंडचे काही शब्द भेटण्याचा संभव आहे.

विद्येचा हा ओघ एकाच दिशेने वाहिला असे मात्र नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा सभापर्वाचे संपादन वर उल्लेखिलेल्या एजर्टन यांनी केले. म्हणजे येलच्या प्राध्यापकाने पुण्यात विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिलेल्या संपादनपद्धतीनुसार काम केले. १९६१ साली अमेरिकेतील विद्यापीठांनी भारतविद्येच्या अभ्यासासाठी एकत्र येऊन जी संस्था स्थापिली, तिचे कार्य प्रथम डेक्कन कॉलेजातूनच चालू झाले. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर संशोधन करून १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. ॲन फेल्डहाउस यांनी शंकर गोपाळ तुळपुळे यांच्यासमवेत प्राचीन मराठीचा कोश रचला. तुळपुळे १९९४ साली निवर्तले, आणि कोश त्यानंतर प्रसिद्ध झाला. तेथे पुण्याचा पंडित मार्गदर्शक आणि अमेरिकेची विदुषी सहकारी होती, व ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत.

आपले काम

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मॉरिशसच्या करारबद्ध मजुरांच्या इतिहासावर परदेशातील विद्वानांनी मोलाचे कार्य केले आहे. रिचर्ड ॲलन या अमेरिकन इतिहासकाराचा गुलाम, मुक्त झालेले गुलाम व करारबद्ध मजूर यांच्यावरील ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि अभ्यासकांस तो टाळता येत नाही. त्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, मराठी घराण्यांच्या कथा, त्यांच्या बोलीतील अवशेष, त्यांची देवके, जत्रा व लग्नगीते यांचा शोध घेण्यास मराठी जाणणारा आणि संशोधनाची रीत शिकलेला, असा दुहेरी सिद्धतेचा माणूस लागतो. मॉरिशसमध्ये १९६५ सालापासून विद्यापीठ आहे, महात्मा गांधी संस्थानात मराठीचे अध्यापन चालते. तेव्हा साधनांची वाण नाही. वाण आहे ती जाणत्याने नवशिक्यास हाताशी धरून शिकविण्याच्या परिपाठाची.

नोंदवहीतील एकच ओळ घ्या. कारकुनाने ऐकून लिहिलेले गावाचे नाव इंग्रजी लिपीत वेडेवाकडे उतरलेले असते. ते कोणते गाव, हे ठरविण्यास जुन्या तालुक्यांची माहिती हवी, कोकणी उच्चारांची ओळख हवी, त्याच गलबतातून आलेल्या शेजारच्या नावांशी पडताळा हवा; आणि एवढे करूनही खात्री नसेल तर "निश्चित सांगता येत नाही" असे लिहिण्याचे धैर्य हवे. पूर्वजास मोठ्या कुळाचा किंवा प्रसिद्ध गावाचा ठरविण्याचा मोह अनावर असतो. तो आवरण्यास आप्तेष्टांची स्तुती उपयोगी पडत नाही. त्यास कोलंबियासारखे टेबल लागते.

असे टेबल मांडण्यास मोठे धन लागत नाही. आपल्या संस्थांनी महिन्यातून एक दिवस ठेवावा. अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने आपले अपुरे लिखाण वाचावे. इतरांनी पुरावा विचारावा, पण माणसाचा पाणउतारा करू नये. प्रत्येक नव्या अभ्यासकास एक अनुभवी मार्गदर्शक नेमून द्यावा, आणि त्याने वर्ष-दोन वर्षे त्याची साथ सोडू नये. ज्या वृद्ध माताभगिनी आपल्या आठवणी सांगतील, त्यांचे नाव त्यांच्या संमतीने लिखाणात आदरपूर्वक नमूद करावे. कोसंबींच्या उदाहरणाने श्रेयाचे मोल आपणांस कळलेच आहे. आणि जो तरुण परदेशी विद्यापीठात जाऊन ही विद्या शिकेल, त्याने केतकरांप्रमाणे परत येऊन निदान दोघांस तरी ती शिकवावी.

आपल्या पूर्वजांस करारावर सही करता येत नव्हती. पुष्कळांनी अंगठाच उठविला. त्यांनी उसाच्या शेतात राबून मुलांस शाळेत घातले, त्या मुलांची मुले शिक्षक झाली, आणि आज त्यांची नातवंडे विद्यापीठात शिकवितात. ज्या कागदावर तो अंगठा आहे, तो वाचून त्यामागचा माणूस ओळखणे आणि ती विद्या पुढच्याच्या हाती देणे, हे आता या पिढीकडे आले आहे. ज्यांना त्या माणसाचे नाव अजून तोंडपाठ आहे, असे वृद्ध आपल्या घरांत आजही बसलेले आहेत. त्यांच्यापाशी वही घेऊन बसण्यास उशीर करू नये.